या चुका टाळा : शब्दखेळातले अनवट इंग्रजी शब्द

स्क्रॅबलमध्ये, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या पटावर जोडून इंग्रजी शब्द बनवायच्या खेळात, 'क्यू' हाती आला, त्याच्या मागोमाग बहुतेकदा येणारा 'यू' मात्र नाही, म्हणून त्याची वाट बघत बसणं फार महागात पडतं. डाव संपताना उरलेल्या अक्षरांचे गुण वजा होतात आणि अक्षरं आधी संपवणाऱ्याला तेच गुण मिळतात. म्हणजे १० गुणांच्या एकट्या 'क्यू'मुळे २० गुणांचा फरक. 'यू'शिवायचे दोन-चार शब्द तरी पाठ हवेतच : क्यू-आय (चिनी विचारातली प्राणशक्ती), क्यू-ए-टी (ज्याची पानं चघळतात ते झुडूप), क्यू-ओ-पी-एच (हिब्रू लिपीतलं अक्षर).

आपण मराठी माणसं उच्चारावरून स्पेलिंग रचतो, तिथेही फसगत होते. सी-डब्ल्यू-एम याचा उच्चार 'कूम', अर्थ डोंगरातली खोलगट दरी. एव्हरेस्टच्या वाटेवरचा 'वेस्टर्न कूम' तो हाच. मूळ वेल्श शब्द, आणि वेल्शमध्ये 'डब्ल्यू' स्वराचं काम करतो. सी-आर-डब्ल्यू-टी-एच, म्हणजे एक जुनं तंतुवाद्य, हाही तिथलाच. स्वर एकही हाती नसेल तेव्हा हे दोन शब्द डाव वाचवतात. 'फकीर' तर 'के' आणि 'क्यू' दोन्हींनी चालतो. पण 'पीएच'ने लिहिलात तर बाद.

अर्थ कशाला हवा, यादी पाठ केली की झालं, असं पुष्कळजण म्हणतात. न्यूझीलंडचे स्क्रॅबलपटू नायजेल रिचर्ड्स यांनी २०१५ मध्ये फ्रेंच बोलता येत नसताना फ्रेंच स्क्रॅबलचं विश्वविजेतेपद मिळवलं, हे खरंच. पण तेवढी स्मरणशक्ती आपल्यापैकी किती जणांकडे असते? बाकीच्यांना अर्थाचा आधार लागतो, कारण शब्दाला पुढे काय जोडता येईल हे अर्थावरून आठवतं. क्यू-आय नाम आहे, म्हणून 'एस' लागतो. ए-एच हा उद्गार क्रियापद म्हणूनही चालतो, त्यामुळे त्याला 'एस', 'ईडी', 'आयएनजी' सगळं लागतं. पी-एस-टी हा नुसता उद्गार, त्याला 'एस' नाही. आणि व्ही-ओ-एक्सचं (अर्थ आवाज) अनेकवचन व्ही-ओ-सी-ई-एस होतं. तिथे 'ईएस' जोडलात तर आव्हान, म्हणजे 'हा शब्द कोशात नाही' असा समोरच्याचा आक्षेप, मिळालंच म्हणून समजा.

कोणता शब्दकोश मानायचा हे खेळापूर्वी ठरवा. झेड-ओ, म्हणजे याक आणि गाईच्या संकराचं जनावर, कॉलिन्स या ब्रिटिश शब्दकोशाच्या यादीत आहे, उत्तर अमेरिकेच्या यादीत नाही. झेड-ए, म्हणजे पिझ्झाचं लघुरूप, दोन्हीकडे चालतं. निम्म्या डावात यावरून वाद झाला तर खेळाची मजाच जाते.

वर्डलमध्ये, म्हणजे पाच अक्षरी शब्द सहा संधींत ओळखायच्या ऑनलाइन खेळात, मात्र हे सगळं ज्ञान जरा बाजूला ठेवा. तिथे अंदाज म्हणून हजारो विचित्र शब्द स्वीकारले जातात. उत्तरं मात्र रोजच्या ओळखीच्या शब्दांतूनच निवडतात. अक्षरं तपासायला अनवट शब्द चालेल, पण शेवटच्या दोन संधी उरल्यावर साधाच शब्द टाका.