या चुका टाळा: इंग्रजी म्हणी वापरताना हमखास होणारे घोळ

सगळ्यात जास्त फिरणारा घोळ म्हणजे ते "तुम्हाला अर्धीच म्हण माहितीये, पूर्ण म्हण ही घ्या" वालं फॉरवर्ड. थोड्या थोड्या दिवसांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतंच. त्यात ठासून सांगितलेलं असतं की 'ब्लड इज थिकर दॅन वॉटर' ही म्हण मुळात उलट्या अर्थाची होती, म्हणजे रणांगणावर एकत्र सांडलेलं रक्त हे गर्भातल्या पाण्यापेक्षा घट्ट, थोडक्यात काय तर सख्ख्यांपेक्षा दोस्त जवळचे. वाचायला भारी वाटतं, भावकीत वाटणीवरून वाजलं असेल तर जास्तच भारी वाटतं, पण या लांबड्या रूपाला जुना पुरावाच नाहीये, ते अलीकडच्या काही दशकांतलं आहे. छोटी म्हणच जुनी. वॉल्टर स्कॉटच्या १८१५ च्या एका कादंबरीत ती स्कॉटिश बोलीत येते आणि तिथे अर्थ एकदम सरळ आहे, रक्ताचं नातं ते रक्ताचं.

'जॅक ऑफ ऑल ट्रेड्स, मास्टर ऑफ नन'चं पण तेच. पुढे 'तरी एकाच कामातल्या मास्टरपेक्षा बरा' असं शेपूट लावून लोक लिंक्डइनवर टाकतात, ते शेपूट नवीन आहे. 'क्युरिऑसिटी किल्ड द कॅट'ची गंमत अजून वेगळी. आधी मांजराला कुतूहलाने मारलंच नव्हतं, काळजीने मारलं होतं. बेन जॉन्सनच्या १५९८ च्या नाटकात 'केअर'ने मांजर मरतं, शेक्सपिअरकडे पण काळजीच आहे. कुतूहल फार नंतर आलं आणि 'समाधान मिळालं तेव्हा मांजर परत जिवंत झालं' हा तुकडा तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. ओळखायची सोपी खूण सांगतो, शेपटाने म्हणीचा अर्थ उलटा होत असेल आणि पाठवणाऱ्याला आयतीच बाजू मिळत असेल तर ९९ टक्के शेपूट बनावट समजा. खात्री करायचीच असेल तर गूगल बुक्सवर तारीख १९०० च्या आधीची लावून तेच वाक्य शोधा, बरीचशी शेपटं तिथेच गळून पडतात.

खरोखर तुटलेल्या म्हणी पण आहेत हां, फक्त त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. 'प्रूफ इज इन द पुडिंग' असं ऑफिसच्या मीटिंगमध्ये सर्रास ऐकू येतं, पण पुरावा काय पुडिंगच्या आत लपवून ठेवलाय का? मूळ म्हण 'द प्रूफ ऑफ द पुडिंग इज इन द ईटिंग', आणि इथे प्रूफ म्हणजे परीक्षा. जुन्या इंग्लंडातलं पुडिंग म्हणजे आपल्या डोळ्यासमोर येतं तसं कस्टर्ड-कॅरॅमलवालं गोडाचं नव्हे, जनावराच्या आतड्यात मांस, चरबी, धान्य, मसाला ठासून भरून उकडलेला प्रकार. बाहेरून सगळी सारखीच दिसणार, आतला माल ताजा आहे की उतरलेला हे घास घेतल्याशिवाय कळणार नाही. हे एकदा डोक्यात बसलं की म्हण चुकत नाही. पैशावालीचं पण असंच. बायबलमध्ये पैसा हे सगळ्या वाईटाचं मूळ असं म्हटलेलं नाही, पैशाचा लोभ म्हटलंय, आणि तो एक शब्द गाळला की वाक्य वेगळंच होतं.

मग येतं कुणाच्याही नावावर काहीही खपवणं. 'गॉड हेल्प्स दोज हू हेल्प देमसेल्व्ह्ज' बायबलमध्ये नाही, कितीही शोधा. 'अर्ली टू बेड, अर्ली टू राइज' बेंजामिन फ्रँकलिनने १७३५ च्या पंचांगात छापलं हे खरं, पण ते इंग्लंडात १६३९ च्या म्हणींच्या संग्रहात आधीच आहे, म्हणजे फ्रँकलिन जन्मायच्या बऱ्याच आधी. 'अ पेनी सेव्ह्ड इज अ पेनी अर्न्ड' पण त्याचं नाही, त्याने १७३७ ला लिहिलेलं वाक्य 'वाचवलेली एक पेनी म्हणजे निव्वळ दोन पेन्स' अशा अर्थाचं आहे. आणि लवकर निजून लवकर उठलं की श्रीमंत होतो का, हे कुणीतरी खरंच तपासलंय बरं का! ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९९८ ला आलं होतं, ६५ च्या पुढच्या १२२९ ब्रिटिश लोकांची माहिती तपासली, लवकर झोपून लवकर उठणारे जास्त निरोगी, श्रीमंत किंवा शहाणे निघाले नाहीत, उलट उशिरा झोपून उशिरा उठणाऱ्यांचं सरासरी उत्पन्न जास्त निघालं. पहाटे पाचला उगवत्या सूर्याच्या फोटोवर ही म्हण टाकणाऱ्या काकांना हे पाठवू नका, घरात उगाच वाद होतात.

इंटरव्ह्यूमध्ये स्वतःला 'रोलिंग स्टोन' म्हणवून घेणारे पण भेटतात. म्हण अशी, 'अ रोलिंग स्टोन गॅदर्स नो मॉस', गडगडत्या दगडावर शेवाळ धरत नाही. समोर जुन्या वळणाचा इंग्रज बसला असेल तर तुम्ही आत्ताच सांगितलंत की मी एका जागी टिकत नाही, त्यामुळे माझ्या गाठीला काही नाही. १५४६ च्या जॉन हेवूडच्या संग्रहात ही म्हण आहे आणि तिथे शेवाळ म्हणजे कमाई, ते न धरणं ही तक्रार. शेवाळ नकोच, फिरत राहिलेलं बरं, हा अर्थ नंतरचा.

आता हवामानाच्या म्हणी. इथे चूक अशी की म्हण बरोबर असते पण ती भलत्याच जागी लावली जाते. 'रेड स्काय ॲट नाइट, शेफर्ड्स डिलाइट', संध्याकाळी आभाळ लाल तर मेंढपाळ खुश, सकाळी लाल तर सावध राहा. इंग्लंडात हे बऱ्यापैकी जमतं, कारण तिथलं हवामान मुख्यतः पश्चिमेकडून येतं. मावळतीला आभाळ लालबुंद म्हणजे पश्चिमेला ढग नाहीत आणि जास्त दाबाच्या स्थिर हवेत धूळ अडकलेली आहे, आणि तीच कोरडी हवा उद्या आपल्या डोक्यावर यायचीये. सकाळी पूर्व लाल म्हणजे ती चांगली हवा पुढे निघून गेली. आता हेच घेऊन जुलैमध्ये नागपुरात बसा बघू! पावसाळ्यात कमी दाबाचे पट्टे बंगालच्या उपसागरात तयार होतात आणि ओडिशा, छत्तीसगड करत पश्चिमेकडे सरकतात, म्हणजे विदर्भाचा जोरदार पाऊस बऱ्याचदा पूर्वेकडून येतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर लाल संध्याकाळ बघून दुसऱ्या दिवशी गच्चीवर पापड घालायचा बेत करू नका. लंडन-लीड्सकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी खुशाल वापरावी, तिथे ती घरचीच आहे.

सेंट स्विदिनची म्हण मात्र तिच्या गावात पण शब्दशः चालत नाही. १५ जुलैला पाऊस पडला तर पुढे चाळीस दिवस पडणार, नाही पडला तर चाळीस दिवस कोरडे. हे विंचेस्टरचे नवव्या शतकातले बिशप. मला बाहेर पुरा, माझ्यावर पाऊस पडू दे, लोकांचे पाय पडू देत, असं म्हणून गेले होते म्हणे. ९७१ मध्ये १५ जुलैला त्यांचे अवशेष आत हलवले आणि दंतकथा अशी की ते न रुचून पाऊस कोसळला. ब्रिटनच्या हवामान खात्याच्या म्हणण्याप्रमाणे १८६१ पासूनच्या नोंदींत त्या दिवसानंतर सलग चाळीस ओले किंवा सलग चाळीस कोरडे दिवस एकदाही आलेले नाहीत. मग म्हण टिकली कशी? तर जुलैच्या मध्याच्या सुमाराला वर वाहणारा जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरच्या वेगवान वाऱ्यांचा पट्टा, बऱ्याचदा एका जागी स्थिरावतो आणि ऑगस्टपर्यंत साधारण तसाच राहतो, त्यामुळे तिथल्या उन्हाळ्याचा एकूण कल तेवढा कळतो. आपल्याकडे मृगाचं वाहन बेडूक की कोल्हा हे पंचांगात बघून लोक अंदाज बांधतात, पण पेरणीला ओल बघूनच हात घालतात. स्विदिनला पण तेवढाच मान द्यावा.

राहिल्या तब्येतीच्या. 'ॲन ॲपल अ डे' १८६६ मध्ये वेल्सच्या पेम्ब्रोकशायरची म्हण म्हणून नोंदली गेली आणि तिथे सफरचंद झोपताना खायचं आहे. २०१५ ला अमेरिकेत ८३९९ लोकांची माहिती तपासली, त्यात रोज सफरचंद खाणारे ७५३ होते. बाकीचे फरक वजा केल्यावर डॉक्टरकडे जाणं काही कमी झालेलं दिसलं नाही, चिठ्ठीवरची औषधं तेवढी किंचित कमी. खायचं तर खा, पण साध्या केळ्या-पेरूवर भागत असेल तर या म्हणीपायी महागडं इम्पोर्टेड सफरचंद आणायची गरज नाही.

खरी धोक्याची ती 'फीड अ कोल्ड, स्टार्व्ह अ फीव्हर'. सर्दीत खा, तापात उपाशी राहा. तर्क असा की जेवणाने अंगात उष्णता वाढते, सर्दी म्हणजे गारठा, तिला इंधन द्या, आणि ताप म्हणजे आधीच आग, तिला देऊ नका. आपल्याकडे 'लंघनं परमौषधम्' आहेच, दोन्ही जुळतात म्हणून घरातली मोठी माणसं जास्तच खात्रीने सांगतात. पण तापात शरीर उलट जास्त ऊर्जा वापरतं आणि घामातून पाणी जातं. भूक नसेल तर पोळीभाजीची जबरदस्ती नको, पण पेज, वरणाचं पाणी, सूप, सरबत थोडं थोडं चालू ठेवायचंच. लहान मूल काहीच पीत नसेल, लघवी कमी झाली असेल, सुस्त पडून राहत असेल तर इंग्रजी म्हण नको आणि संस्कृत वचनही नको, डॉक्टर गाठा.