अपडेट झालं आणि प्रोसेसर शून्य डिग्रीवर गेला

"मावशी, प्रोसेसर शून्य डिग्रीवर गेलाय," भाच्याचा सकाळी सकाळी फोन. मी विचारलं, "अरे, हीटसिंकवर बर्फ जमलाय का बघ." त्याला काही हसू आलं नाही. रात्रीतून विंडोजचं अपडेट होऊन गेलं होतं आणि तापमान, पंखे, व्होल्टेज दाखवणाऱ्या त्याच्या प्रोग्रामात निम्म्या जागी शून्य आणि उरलेल्या जागी नुसत्या रेघा होत्या. सेन्सर जळला, बोर्ड गेलं, इथपर्यंत त्याची गाडी पोचली होती.

सेन्सर जळलेला नसतो. माझ्याकडे दोन कॉम्प्युटर आहेत, एकावर विंडोज ११ आणि दुसऱ्यावर लिनक्स. लिनक्सवाला रात्ररात्र थ्रीडी रेंडर करत बसतो, म्हणून त्याच्या तापमानावर माझा डोळा असतो. अपडेटनंतर आकडे गायब होणं, उड्या मारणं, एकमेकांच्या जागी जाऊन बसणं हे सगळं मी पाहिलंय. एकदाही सेन्सर बिघडलेला नव्हता. बिघडतो तो सेन्सरपासून पडद्यापर्यंतचा रस्ता.

हा रस्ता आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं शोधणं सोपं जातं. प्रोसेसरचं तापमान प्रोसेसरच्या आतच मोजलं जातं. पंख्यांचा वेग आणि व्होल्टेज मोजते मदरबोर्डवरची वेगळी चिप, जिला सुपर आयओ म्हणतात. ती बहुतेक वेळा नुवोटॉनची नाहीतर आयटीईची असते. ग्राफिक्स कार्डाचे आकडे त्याच्या स्वतःच्या ड्रायव्हरकडून, म्हणजे हार्डवेअरशी बोलणाऱ्या छोट्या प्रोग्रामकडून येतात. म्हणजे रस्ते तीन. म्हणून पहिला प्रश्न असा विचारा: नक्की कोणते आकडे गेले? फक्त ग्राफिक्सचे गेले असतील तर ग्राफिक्स ड्रायव्हर बघा. पंखे गेले पण प्रोसेसरचं तापमान आहे, तर सुपर आयओ. सगळंच गेलं असेल तर प्रोग्रामचा मूळ ड्रायव्हरच लोड झालेला नाही.

त्याआधी जिवाला शांतता हवी असेल तर कॉम्प्युटर रीस्टार्ट करून यूईएफआयमध्ये, म्हणजे ज्याला आपण अजून बायोसच म्हणतो तिथे जा. हार्डवेअर मॉनिटरचं पान असतं. तिथले आकडे ऑपरेटिंग सिस्टमच्या भानगडीत पडत नाहीत. तिथे तापमान आणि पंखे नीट दिसले की हार्डवेअर ठीक आहे. एक मात्र लक्षात ठेवा, यूईएफआयमध्ये प्रोसेसर पूर्ण विश्रांतीत जात नाही, त्यामुळे तापमान नेहमीपेक्षा थोडं जास्त दिसतं. ते बघून दुसरी घाबरगुंडी नको.

आणि अपडेटनंतर लगेच तापमान खरंच वाढलेलं दिसलं तर तासभर थांबा. मागे फाइलींची सूची बनवणं, उरलेली अपडेटं बसवणं असं काहीबाही चालू असतं. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर बघितला की कळतं.

विंडोजवर

विंडोजमध्ये साध्या प्रोग्रामला हे सेन्सर थेट वाचता येत नाहीत. त्यामुळे असे प्रोग्राम आपला ड्रायव्हर सोबत घेऊन येतात, आणि अपडेट आडवं येतं ते इथेच. वर्षानुवर्षं अनेक मॉनिटरिंग आणि पंखे सांभाळणारे प्रोग्राम विनरिंग० नावाच्या एकाच जुन्या ड्रायव्हरवर उभे होते. त्याच्यात मोठं भोक आहे. त्याच्यामार्फत कुठलाही प्रोग्राम हार्डवेअरच्या अगदी आतपर्यंत हात घालू शकतो. २०२० मध्ये या दोषाला सीव्हीई, म्हणजे सुरक्षा-दोषांच्या जागतिक यादीतला क्रमांकही मिळाला. मार्च २०२५ पासून विंडोजचा अँटिव्हायरस, मायक्रोसॉफ्ट डिफेंडर, या ड्रायव्हरला धोकादायक म्हणून पकडायला लागला आणि कालपर्यंत चालणारे प्रोग्राम रातोरात आंधळे झाले.

भाच्याला मी सांगितलं, विंडोज सिक्युरिटी उघड, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये जा, प्रोटेक्शन हिस्टरी बघ. अपेक्षेप्रमाणे ड्रायव्हरची फाइल क्वारंटाइनमध्ये बसली होती. "अलाऊ करू?" त्याने लगेच विचारलं. नाही! तिथे अलाऊ दाबलं की आकडे परत येतात हे खरं, पण एका आकड्यासाठी घराचं मागचं दार सताड उघडं ठेवल्यासारखं ते होतं. प्रोग्रामची नवी आवृत्ती घे म्हटलं. लिब्रे हार्डवेअर मॉनिटरसारखे प्रोग्राम आता पॉनआयओ नावाच्या दुसऱ्या ड्रायव्हरवर गेलेत. तुमच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती येणंच थांबलं असेल तर त्याचा निरोप घ्या. मीही घेतला, जीवावर आलं तरी.

डिफेंडरच्या यादीत काही नसेल तर त्याच विंडोज सिक्युरिटीत डिव्हाइस सिक्युरिटी, मग कोअर आयसोलेशन. तिथे मेमरी इंटेग्रिटी असते, संशयास्पद ड्रायव्हरांना विंडोजच्या गाभ्यात शिरू न देणारी सोय. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून धोकादायक ड्रायव्हरांची बंदी-यादीही आपोआप चालू असते. मोठ्या अपडेटनंतर यातलं एखादं चालू झालं की जुना ड्रायव्हर आवाज न करता अडवला जातो. प्रोग्राम उघडतो, खिडकी दिसते, आत मात्र शून्य. उपाय तोच, नवी आवृत्ती. मेमरी इंटेग्रिटी बंद करून बघायचा मोह होईल. केलंच तर निदानापुरतं, पाच मिनिटं, आणि पुन्हा चालू.

आता किरकोळ गोष्टी, पण तास खाणाऱ्या. प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू केलाय का? नसेल तर ड्रायव्हर लोड होत नाही. दुसरं, शटडाउन करून चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोज आपला गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि तोच परत उचलतं, ड्रायव्हर नव्याने लोड होत नाहीत. मेनूमधलं रीस्टार्टच दाबा. तिसरं, ग्राफिक्सचे आकडे गेले असतील तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्सखाली बघा. तिथे मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर असं लिहिलेलं असेल तर कार्डाचा खरा ड्रायव्हर उडालाय. तो बसवा, बाकी काही करायचं नाही. चौथं, एका वेळी एकच मॉनिटरिंग प्रोग्राम चालवा. दोन प्रोग्राम एकाच सुपर आयओ चिपला एकदम प्रश्न विचारायला लागले की चिपची उत्तरं चुकीच्या माणसाकडे जातात आणि पंखा मधूनच भलताच वेग दाखवतो.

आवृत्ती बदलणाऱ्या मोठ्या अपडेटनंतर दहा दिवसांपर्यंत सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून मागे जाता येतं. तापमानाच्या आकड्यासाठी मी ते कधीच केलं नाही आणि करणारही नाही.

लिनक्सवर

इथे निदान फारच सोपं आहे, कारण जुना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सहसा डिस्कवर असतोच. रीस्टार्ट करा, बूट मेनूतल्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून आधीचा कर्नल निवडा. आकडे परत आले? म्हणजे हार्डवेअर ठीक, दोष नव्या कर्नलच्या आणि तुमच्या जुळणीत. अर्धं काम इथेच संपतं.

माझं मात्र एकदा इथे चांगलंच हसं झालं होतं. रेंडरच्या कॉम्प्युटरमध्ये रायझन ७ १७००एक्स आहे. त्या पिढीतल्या काही प्रोसेसरांना दोन तापमानं असतात. टीडाय हे चिपचं खरं तापमान आणि टीसीटीएल हे पंख्याच्या नियंत्रणासाठी मुद्दाम २० अंशांनी वाढवून दिलेलं. कर्नलच्या एका अपडेटमध्ये त्या दोघांच्या जागांची अदलाबदल झाली. लिनक्समध्ये प्रत्येक सेन्सरचा आकडा एका क्रमांकाच्या फाइलमध्ये दिसतो, आणि माझी स्क्रिप्ट डोळे मिटून पहिल्या क्रमांकाची फाइल वाचत होती. काल कामाशिवाय ३८, आज ५८. मी कूलर काढला, जुनी पेस्ट पुसली, नवी लावली, स्क्रू आवळले, केबली पुन्हा बांधल्या. चालू केलं. ५८. नेमका २० चा फरक बघूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, याची आता लाज वाटते. शेवटी सेन्सर्स ही कमांड दिली तेव्हा दोन्ही ओळी नावांसकट समोर उभ्या राहिल्या. म्हणून फाइलच्या क्रमांकावर विसंबू नका, शेजारच्या लेबलच्या फाइलमधलं नाव वाचा. (फाइलमधला आकडा ५८००० असा दिसला तर दचकू नका, तो अंशाच्या हजाराव्या भागात असतो.)

क्रमांकांचा हाच घोळ या फाइली ज्यात असतात त्या एचडब्ल्यूमॉन फोल्डरांचा. हे क्रमांक कायमचे नसतात, ड्रायव्हर ज्या क्रमाने येतील तसे मिळतात. कर्नल ५.५ पासून एनव्हीएमई डिस्कही आपलं तापमान याच यादीत देऊ लागल्या आणि नव्या पाहुणीमुळे रांग सरकली. तापमानानुसार पंखे चालवणारं फॅनकंट्रोल वापरत असाल तर ते अशा वेळी कॉन्फिगरेशन जुनं झालंय म्हणून चालू व्हायलाच नकार देतं. रागावू नका, चुकीच्या सेन्सरवर पंखे चालवण्यापेक्षा ते बरं. त्याचं कॉन्फिगरेशन बनवणारं पीडब्ल्यूएम-कॉन्फिग पुन्हा चालवा, पण रेंडर चालू असताना नको, कारण ते एकेक पंखा थांबवून बघतं.

पंखे आणि व्होल्टेज पूर्णच गायब असतील तर चिपा शोधणारी सेन्सर्स-डिटेक्ट ही कमांड चालवा आणि प्रत्येक प्रश्नाला नुसतं एंटर दाबत जा. नुवोटॉनच्या चिपसाठी बहुधा एनसीटी६७७५ मॉड्यूल (कर्नलमध्ये लोड होणारा ड्रायव्हर) निघेल. मॉड्यूल लोड होत नसेल तर कर्नलचा लॉग वाचा. एसीपीआय (फर्मवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टम यांच्यातली बोलणी) आणि कॉन्फ्लिक्ट हे शब्द एकाच ओळीत दिसले तर बोर्डाचं फर्मवेअरही तीच चिप वापरतंय, म्हणून कर्नल मागे हटलाय. कर्नलला लॅक्स, म्हणजे ही मनाई सैल करण्याचा पर्याय देऊन हे डावलता येतं. पण मग दोघं एकाच चिपवर लिहायला लागतात, म्हणून मी तो शेवटी ठेवते. बाहेरून घेतलेलं डीकेएमएसवालं (दर नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधलं जाणारं) मॉड्यूल असेल तर नव्या कर्नलसाठी ते पुन्हा बांधलं गेलंय का बघा. सिक्युअर बूट (सही असलेलाच कोड चालू देणारी सोय) चालू असेल तर त्याच्यावर सहीही लागते.

तापमान ठीक आहे पण प्रोसेसरचे वॅट दिसेनासे झाले, तर तो बिघाड नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये प्लॅटिपस नावाचा हल्ला उघड झाला. विजेच्या वापराच्या बारीक आकड्यांवरून गुप्त किल्ल्या ओळखता येतात असं त्यात दिसलं. तेव्हापासून वॅटच्या आकड्यांची फाइल फक्त रूटला, म्हणजे लिनक्सच्या ॲडमिनिस्ट्रेटरला वाचता येते.

तर, भाचा. नवी आवृत्ती घातल्यावर त्याचे आकडे आले. प्रोग्राम आपोआप चालू व्हावा म्हणून त्याने टास्क शेड्यूलरमध्ये काम नोंदवलं, सर्वोच्च अधिकारांसह. त्याचा कॉम्प्युटर दिवसरात्र चालूच असतो. चौथ्या दिवशी पुन्हा फोन. "मावशी, परत गेलं. आता तर प्रोग्रामच बंद आहे."

"कधीपासून चालू होता?"

"रविवारी सकाळपासून."

आज बुधवार. "टास्कच्या सेटिंग्जमध्ये जा. तीन दिवसांपेक्षा जास्त चाललं तर थांबवा, अशी खूण असेल. ती न सांगता लागलेलीच असते. काढून टाक. आणि कंडिशन्समध्ये फक्त चार्जरवर असताना चालू करा अशीही एक आहे, लॅपटॉपवर तीही काढायची."

पलीकडून क्लिकचे दोन आवाज आले. "एक्केचाळीस डिग्री," तो म्हणाला.