वृद्धनिवासाची बाग आखताना

आधी पलंग कुठे येणार ते ठरवा, मग खिडकी. खिडकीचा कठडा जमिनीपासून दोन फुटांवर ठेवला, की आडवं पडूनही पारिजातक दिसतो. नेहमीच्या तीन फुटांत नुसतं आभाळ. बागेची वाट फिरून दाराशीच यावी, म्हणजे विसराळू माणूस मध्येच अडकत नाही. वाटेचा उतार १:१२ पेक्षा, म्हणजे बारा फुटांत एक फूट चढापेक्षा, जास्त नको. फरशी खडबडीतच घ्या. गुळगुळीत शहाबादीवर शेवाळ धरतं, आणि आमच्या मावळात पाऊस म्हणजे मुक्कामी पाहुणा! वाफे अडीच फूट उंच, खाली व्हीलचेअरवरचे गुडघे जातील इतकी पोकळी. त्यांत पुदिना, मेथी, गवती चहा लावा. शोभेच्या लॉनचं कौतुक बिल्डरला. आजींना खुडायला काहीतरी हवं असतं. बाकांना हात हवेतच, रेटा दिल्याशिवाय उठणार कसं?