मेरीलँडमध्ये घरच्या सोलरचे एसरेक विकायचेत? आधी मीटर नीट वाचा

एसरेक (SREC) म्हणजे सोलरने तयार केलेल्या विजेचं सर्टिफिकेट, ते विकून पैसे मिळतात. पॅनल बसलेत, इन्स्पेक्शन झालंय, वीज कंपनीने चालू करायची परवानगी दिलीय, असं धरून चालतो. आणि पॅनल तुमच्या मालकीचे आहेत हेही. लीजवर किंवा पीपीएवर (पॅनल कंपनीचे, आपण फक्त त्यांची वीज विकत घ्यायची असा करार) घेतले असतील तर एसरेक बहुतेक त्या कंपनीचेच असतात. काही इन्स्टॉलर तर विकत घेतलेल्या सिस्टिमच्या करारातसुद्धा डिस्काउंटच्या बदल्यात एसरेक स्वतःकडे ठेवतात, म्हणून करार काढून ते एक कलम बघा आणि मगच पुढचं वाचा.

एक एसरेक म्हणजे सोलरने तयार केलेली १००० युनिट वीज. मेरीलँडमध्ये आठ किलोवॉटच्या छपरावर वर्षाला साधारण नऊ-दहा होतात. हे वीजबिलातल्या क्रेडिटपेक्षा वेगळे पैसे आहेत. वीज विकणाऱ्या कंपन्यांना कायद्याने ठरावीक हिस्सा सोलरचा दाखवावा लागतो, नाही दाखवला तर राज्याला दंडवजा रक्कम भरावी लागते, म्हणून त्या आपल्याकडून सर्टिफिकेट घेतात. (पुण्याहून मामा दर वेळी विचारतात म्हणून सांगतो, भारतातही असा बाजार आहे पण नेट मीटरवरच्या घरच्या छपराला त्यात जागा नाही.)

नोंदणी दोन ठिकाणी. आधी राज्याच्या पब्लिक सर्व्हिस कमिशनकडे अर्ज, तिथून सर्टिफिकेशन नंबर आला की पीजेएमच्या (इथली ग्रिड चालवणारी संस्था) गॅट्स या सर्टिफिकेटची नोंद ठेवणाऱ्या सिस्टिमवर खातं. फॉर्म कंटाळवाणे आहेत पण अवघड नाहीत.

आता रीडिंग. सगळे इथेच चुकतात, मीही चुकलो. दर महिन्याला गॅट्सवर मीटरचा आकडा टाकायचा असतो आणि त्यावरूनच सर्टिफिकेट तयार होतात. पण कुठल्या मीटरचा? मंडळाच्या पिकनिकला मला एकाने ठामपणे सांगितलं की वीज कंपनीच्या मीटरचा टाक, तोच अधिकृत असतो. साफ चूक! तो नेट मीटर आहे, तो फक्त ग्रिडकडे किती गेली आणि ग्रिडकडून किती आली एवढंच मोजतो. दुपारी तुमचा एसी चालू असताना छपरावरची वीज घरातच संपली तर ती त्याला दिसतच नाही, आणि सर्टिफिकेट तर सगळ्या उत्पादनावर मिळतं, घरात वापरलेल्यावरसुद्धा. तेव्हा आकडा घ्यायचा तो प्रॉडक्शन मीटरचा, इन्व्हर्टरजवळ वेगळा बसवलेला असतो तो.

दुसरी चूक जास्त वाईट कारण ती लगेच कळत नाही. गॅट्सला त्या महिन्याचं उत्पादन नको असतं, मीटर सुरू झाल्यापासूनचा एकूण आकडा हवा असतो. माझी सिस्टिम जूनमध्ये चालू झाली, पहिल्या महिन्यात १०४० टाकले, ते बरोबरच होतं कारण पहिल्या महिन्यात दोन्ही आकडे एकच. जुलैत सोलरच्या ॲपवर ‘या महिन्यात’ ११३० दिसले ते टाकले. सिस्टिमने घेतले, काही तक्रार नाही, पण तिच्या हिशोबात जुलैचं उत्पादन झालं ९० युनिट, ऐन उन्हाळ्यात! मला पत्ताच नाही. ऑगस्टला १०६० टाकायला गेलो तेव्हा आकडा आधीपेक्षा कमी म्हणून एरर आली आणि मग डोक्यात प्रकाश पडला. खरा आकडा तेव्हा ३२३० होता. मीटरचा फोटो जोडून गॅट्सच्या ॲडमिनला ईमेल केली आणि दुरुस्त करून घेतलं. तुम्हीही तेच करा. आपल्या मनाने पुढच्या महिन्यात आकडा जुळवून टाकायच्या फंदात पडू नका, उत्पादन चुकीच्या महिन्यात चढतं, आणि डिसेंबर-जानेवारीत असं झालं तर सर्टिफिकेटवरचं वर्षच बदलतं.

म्हणून माझा नियम, दर एक तारखेला प्रॉडक्शन मीटरचा फोटो, पाऊस असो बर्फ असो. मीटर किंवा इन्व्हर्टर बदलायला माणूस आला तर त्याने स्क्रू काढायच्या आधी जुन्या आकड्याचा फोटो घ्या आणि गॅट्सला कळवा, नवा शून्यापासून सुरू होतो.

जूनचं रीडिंग जुलैत टाकलं की सर्टिफिकेट जुलैच्या अखेरीला खात्यात दिसतात. हजाराच्या वरची शिल्लक युनिटं वाया जात नाहीत, पुढे जमा होतात.

विकायला दोन रस्ते, ब्रोकर किंवा ॲग्रिगेटर (अनेक घरांची सर्टिफिकेट एकत्र करून विकणारा) कमिशन घेऊन सगळं बघतो, नाहीतर गॅट्सवरच्या खरेदीदारांच्या यादीतून स्वतः गिऱ्हाईक शोधा. वर्षाला दहाच असतील तर ब्रोकर परवडतो, फक्त कमिशन आणि कराराची मुदत आधी लेखी घ्या. स्वतः विकत असाल तर भाव आणि पैसे कधी मिळणार हे ईमेलवर ठरल्याशिवाय ट्रान्सफरचं बटण दाबू नका.

आणि साठवून ठेवू नका. सर्टिफिकेट काही वर्षं चालतं म्हणून लोक भाव वाढायची वाट बघत बसतात. वीज विकणाऱ्या कंपन्यांना भरावी लागणारी ती दंडाची रक्कम म्हणजे भावाचं छप्पर, कारण त्याहून महाग कोण कशाला घेईल? मेरीलँडच्या कायद्यात ती एका सर्टिफिकेटमागे २०२४ ला ६० डॉलर, २०२५ ला ५५, आणि २०३० पर्यंत साडेबावीसवर येते. छप्परच खाली येतंय तर थांबून काय मिळणार? सर्टिफिकेट तयार झालं की मी ते त्याच तिमाहीत विकतो.

घर विकायचं ठरलं तर एसरेक नव्या मालकाला जाणार की नाही ते विक्रीच्या करारात लिहून घ्या आणि गॅट्सवरची नोंद क्लोजिंगच्या (घराचा व्यवहार पूर्ण होतो त्या) आठवड्यातच बदलून टाका.