ब्लू कार्डाची अधिकृत आकडेवारी कशी वाचावी

उच्च कौशल्याच्या नोकरीसाठी युरोपीय संघात दिला जाणारा ‘ब्लू कार्ड’ हा निवास परवाना किती भारतीयांना मिळतो, याचे उत्तर युरोस्टॅट या संघाच्या सांख्यिकी कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. मात्र आपल्याला वर्षभरात दिलेली कार्डे मोजायची आहेत, नव्याने परवाना मिळालेली माणसे मोजायची आहेत, की ३१ डिसेंबरला वैध असलेले परवाने, हे तक्ता उघडण्यापूर्वीच ठरवावे. तिन्हींचे तक्ते वेगळे आहेत, आणि बातम्यांमध्ये ते सर्रास एकमेकांत मिसळले जातात.

ब्लू कार्डांच्या तक्त्यात आधी निर्णयाचा प्रकार निवडावा लागतो: दिलेली, नूतनीकरण झालेली किंवा काढून घेतलेली कार्डे. ‘दिलेली’ हा पर्याय आणि २०२३ हे वर्ष निवडल्यास संपूर्ण संघाचा आकडा सुमारे ८९,००० येतो. त्यांपैकी सुमारे ६९,००० कार्डे एकट्या जर्मनीने दिली. नागरिकत्वानुसार पाहिल्यास सुमारे २१,००० कार्डांसह भारतीय सर्वांत पुढे आहेत.

आता ‘वर्षात एकवीस हजार भारतीय युरोपात गेले’ असे म्हणता येईल का? येणार नाही. समजा, पुण्याची एक मुलगी म्युनिकला एम.एस. करायला गेली, तेव्हा तिला शिक्षणासाठीचा परवाना मिळाला आणि प्रथम परवान्यांच्या, म्हणजे नव्याने परवाना मिळालेल्यांच्या, तक्त्यात तिची नोंद ‘शिक्षण’ या कारणाखाली झाली. पदवीनंतर तिथेच नोकरी लागून तिला ब्लू कार्ड मिळाले, की ती ब्लू कार्डांच्या तक्त्यात येते. पण प्रथम परवान्यांत तिची पुन्हा गणना होत नाही, कारण आधीचा परवाना संपून किमान सहा महिने लोटल्याशिवाय नवा परवाना ‘प्रथम’ धरला जात नाही. नव्याने आलेल्यांचा अंदाज हवा असेल, तर प्रथम परवान्यांचाच तक्ता घ्यावा आणि त्यात रोजगाराचे उपप्रकार उघडावेत.

या उपप्रकारांत ‘ब्लू कार्ड’ आणि ‘उच्च कौशल्याचे कामगार’ अशा दोन स्वतंत्र नोंदी असतात, आणि देशांची तुलना करताना दोन्ही घेणे मला अत्यावश्यक वाटते. नेदरलँड्समध्ये २००४ पासून कुशल स्थलांतरितांसाठी स्वतःची राष्ट्रीय योजना आहे आणि बहुतेक कंपन्या तिचाच वापर करतात. तिथल्या ब्लू कार्डांची संख्या तेवढी पाहून तो देश कुशल माणसांना थारा देत नाही असे ठरवणे हा त्या देशावर अन्यायच होईल. डेन्मार्क आणि आयर्लंड ब्लू कार्ड योजनेत सहभागीच नाहीत, त्यामुळे त्यांची जागा रिकामी दिसली तर ती शून्य समजू नये. त्याचप्रमाणे तक्त्यात आकड्याऐवजी विसर्गासारखे चिन्ह आले, तर माहिती उपलब्ध नाही एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

वर्षांची तुलना करतानाही सावध राहावे. ब्लू कार्डाविषयीच्या संघाच्या २००९ च्या निर्देशाची (सदस्य देशांना बंधनकारक कायद्याची) जागा २०२१ च्या नव्या निर्देशाने घेतली आणि सदस्य देशांना तो राष्ट्रीय कायद्यात आणण्यासाठी १८ नोव्हेंबर २०२३ पर्यंत मुदत होती. नियम शिथिल झाल्यामुळे आकड्यांतील बदल केवळ मागणीमुळे झाला असे मानता येत नाही.

ही सारी वर्गवारी नागरिकत्वानुसार आहे. त्यामुळे महाराष्ट्रातून किंवा गोव्यातून किती जण गेले, हे या तक्त्यांतून काढता येत नाही, आणि लोकसंख्येच्या प्रमाणात भागाकार करून तसा आकडा तयारही करू नये. देश जुने आकडे मागाहून सुधारतात, म्हणून आकडा उद्धृत करताना तक्त्याचे नाव, निवडलेले पर्याय आणि तो उतरवून घेतल्याची तारीख सोबत लिहावी.