जुन्या वऱ्हाडावर प्रबंध लिहिताना संदर्भ कसे शोधावेत

आपल्या तालुक्यातील कापूस, बाजार किंवा शाळा यांचा इतिहास प्रबंधासाठी निवडलेल्या विद्यार्थ्याने ग्रंथालयाची पायरी चढण्याआधी एक काम घरीच उरकावे. आपला तालुका कोणत्या काळी कोणत्या जिल्ह्यात आणि कोणत्या नावाखाली होता, याचे टिपण करावे.

पुसदचेच पाहा. आज हा तालुका यवतमाळ जिल्ह्यात आहे. परंतु १९०५ पर्यंत तो बासिम, म्हणजे वाशिम जिल्ह्यात मोडत असे आणि यवतमाळ जिल्ह्यालाही तोवर वणी जिल्हा म्हणत. त्या वर्षी बासिम जिल्हा मोडला, वाशिम व मंगरूळ तालुके अकोल्याला जोडले गेले आणि पुसद यवतमाळकडे आला. त्यामुळे केवळ ‘यवतमाळ’ हा शब्द घालून शोधणाऱ्याच्या हाती १९०८ चे जिल्हा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ, लागते, पण त्याआधीचे बरेच काही निसटते. शिवाय १८५३ पासून १९०३ पर्यंत वऱ्हाड प्रांताचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत, म्हणजे निजामाकडे नेमलेल्या ब्रिटिश प्रतिनिधीमार्फत, चालत असल्याने त्या काळातील अहवाल ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ या नावाखाली शोधावे लागतात. १८७० चे वऱ्हाडचे गॅझेटियरही त्याच नावाने निघाले. चंद्रपूरसाठी ‘चांदा’ आणि अचलपूरसाठी ‘एलिचपूर’ ही नावे घालून पाहावीत. गडचिरोली हा जिल्हा १९८२ चा, तेव्हा त्याची जुनी माहिती चांद्याच्या कागदांतच असणार.

सीमा बदलल्याचा फटका आकड्यांनाही बसतो. १८९१ च्या आणि १९११ च्या जनगणनेतील जिल्ह्यांचे आकडे एका तक्त्यात मांडून वाढ-घट सांगणे, ही मला या विषयातील सर्वांत महागडी चूक वाटते. तुलना शक्यतो तालुक्याच्या पातळीवर करावी आणि त्या तालुक्याची हद्दही मध्यंतरी बदलली नाही ना, हे तपासावे.

नावांची यादी हाताशी आली की शोधगंगेवर जावे. भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचे हे भांडार गांधीनगरची इन्फ्लिबनेट ही संस्था सांभाळते. तेथे बहुतेक प्रबंध प्रकरणवार वेगळ्या फाइलींत असतात, ही गोष्ट गावातल्या रडतखडत चालणाऱ्या नेटवर्कला मोठीच सोयीची आहे. आपल्या विषयाजवळचा प्रबंध सापडला की आधी त्याची संदर्भग्रंथसूची उतरवून घ्यावी, निष्कर्ष नंतर वाचावेत. मराठी प्रबंधांच्या नोंदी कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत असतात. दोन्ही प्रकारे शोधावे. जुन्या गॅझेटियरांच्या स्कॅन प्रती इंटरनेट अर्काइव्हवर पाहाव्यात. संज्ञांसाठी मराठी विश्वकोश चाळावा, मात्र तो सुरुवातीपुरताच.

दुसऱ्याच्या प्रबंधात वाचलेला गॅझेटियरचा उतारा मूळ पान न पाहता थेट गॅझेटियरच्या नावे देऊ नये. मूळ प्रत मिळालीच नाही, तर ‘अमुक प्रबंधात उद्धृत’ असे सरळ लिहावे. त्यात कमीपणा नाही.

छापील ग्रंथांत न येणारी माहिती तालुक्याच्या वाचनालयातील स्मरणिकांत, बाजार समितीच्या आणि सहकारी जिनिंग-प्रेसिंग संस्थांच्या जुन्या वार्षिक अहवालांत मिळू शकते. अशा पुस्तिकेवर प्रकाशनवर्ष नसल्यास आतील जाहिराती, सभेची तारीख किंवा हिशेबाचे वर्ष पाहून काळ ठरवावा आणि तो आपण ठरवला आहे हे चौकटी कंसात नोंदवावे. झेरॉक्स काढताना हव्या त्या पानांबरोबर मुखपृष्ठ व शीर्षकपानही काढावे, आणि ती प्रत कोणत्या वाचनालयात कोणत्या दाखल क्रमांकाखाली आहे, हे त्याच दिवशी मागच्या बाजूस पेनाने लिहून ठेवावे.