लाळ, धाप, थरथर: सोलापुरात पशुवैद्यकीय इंटर्नशिपला येणाऱ्यांसाठी औषधांचा हिशेब

चेतासंस्था आणि श्वसनसंस्थेवरची औषधं पेपरात गटवार लिहायची असतात. गावातून फोन येतो तो ‘जनावर लाळ गाळतंय, धापा टाकतंय, उभं राहवत नाही’ एवढाच. गट तुम्ही ओळखायचा. इंटर्नशिपमध्ये वरिष्ठांच्या देखरेखीशिवाय यातलं काही टोचायचं नाही, पण मात्रेचा हिशेब तुमचा तुम्हाला यायला हवा.

सुरुवात वजनापासून. काटा कुठेच नसतो, म्हणून टेप खिशात ठेवा. छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग, गुणिले खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलो. घेर ६४, लांबी ५२ असेल तर साधारण ३२३ किलो. मालकाचा अंदाज ऐकून घ्या, मात्रा टेपवरच काढा.

झायलाझिन या गुंगीच्या औषधाच्या बाबतीत गाय घोड्यापेक्षा सुमारे दहापट संवेदनशील असते. घोड्याला शिरेतून किलोला १.१ मिलिग्रॅम लागतं, तर गाईला स्नायूत ०.१ ने बऱ्याचदा काम होतं. ३०० किलोच्या खिलार गाईला ३० मिलिग्रॅम, म्हणजे २० मिलिग्रॅम प्रतिमिली ताकदीच्या कुपीतून दीड मिली. हेच औषध १०० च्या ताकदीतही मिळतं. सवयीने त्यातून दीड मिली ओढलं की पाचपट गेलं. मग जनावर तासन्‌तास आडवं पडतं, पोट फुगतं, नाडी मंदावते, रवंथाचं पाणी श्वासनलिकेत जातं. म्हणून आधी चारा बंद ठेवा. जनावर बसलं की छातीवर टेकवून बसवा. मान थोडी उचललेली आणि तोंड खाली असू द्या, म्हणजे लाळ बाहेर वाहते. उतारा योहिम्बिन, किलोला ०.१२५ मिलिग्रॅम, शिरेतून सावकाश. शेवटच्या तिमाहीतल्या गाभण गाईला झायलाझिन नकोच, कारण गर्भाशय आकुंचन पावतं. हे औषध शरीराचं तापमान सांभाळण्याची क्षमताही बिघडवतं, त्यामुळे सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये दुपारचं काम सकाळवर ढकला. मेंढीच्या फुप्फुसांत पाणी भरण्याचा धोका वेगळाच. धनगरांच्या कळपात हे औषध काढताना दोनदा विचार करा.

आता फोनवरची ती लाळ. द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात, म्हणजे पंढरपूर-सांगोल्याकडे, पहिला प्रश्न फवारणीचा. ऑर्गनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक असेल तर बुबुळ बारीक, लाळ, पातळ शेण, छातीत घरघर. त्यावर उतारा अ‍ॅट्रोपिन किलोला ०.५ मिलिग्रॅमपर्यंत, चौथा हिस्सा शिरेतून सावकाश, उरलेलं कातडीखाली. ३०० किलोला १५० मिलिग्रॅम होतात. ०.६ मिलिग्रॅमच्या अँप्यूल फोडत बसलात तर अडीचशे लागतील! मोठी कुपी आधीच मागवून ठेवा. लाळ आणि घरघर आटली की थांबा. बुबुळ मोठं करण्याच्या नादात पुढे टोचत राहिलात तर रुमेन (पोटाचा मोठा कप्पा) बंद पडून पोट फुगतं. थरथर अ‍ॅट्रोपिनने थांबत नाही, कारण ती स्नायूंवरच्या निकोटिनिक रिसेप्टरची आहे आणि तिथे ते काम करत नाही. त्यासाठी प्रॅलिडॉक्झिम, किलोला २० ते ५० मिलिग्रॅम, आणि लवकर. उशीर झाला की विषाने अडवलेलं एन्झाइम (कोलिनएस्टरेज) विषाला कायमचं चिकटतं. अंगावर औषध उडालं असेल तर साबणाने धुवा, हातात मोजे घालून.

ज्वारीच्या पट्ट्यात चित्र बदलतं. कापणीनंतर पाऊस पडून धसकटाला फुटवा आला, किंवा पाण्याअभावी कोवळी ज्वारी खुरटली, की तीत सायनाइड वाढतं. शेतकरी त्याला किराळ लागणं म्हणतात. रक्त लालभडक, धाप जोराची, आणि सगळं मिनिटांत. सोडियम थायोसल्फेट किलोला ५०० मिलिग्रॅम शिरेतून: ३०० किलोला १५० ग्रॅम, २० टक्के द्रावणाचे ७५० मिली. त्याआधी सोडियम नायट्राइट १० ते २० मिलिग्रॅम प्रतिकिलो देतात. इथे घाई महागात पडते. युरिया भरपूर दिलेला चारा खाऊन नायट्रेटची विषबाधा झाली असेल, तर धाप तशीच दिसते, पण रक्त चॉकलेटी असतं आणि नायट्राइट दिलं तर जनावर हातचं जातं. तिथे उतारा मेथिलीन ब्लू. म्हणून सुई लावल्यावर पहिला थेंब पांढऱ्या कापसावर बघायचा.

जागा बधिर करणाऱ्या लिग्नोकेनचा शेळीचा हिशेब वेगळा. २० किलोच्या उस्मानाबादी शेळीला किलोला ५ मिलिग्रॅम धरून एकूण १००, म्हणजे २ टक्क्यांचे फक्त ५ मिली. जखम मोठी असेल तर सलाइन घालून १ टक्का करा, म्हणजे तेवढ्याच औषधात दुप्पट जागा बधिर होते. मात्रा जास्त होऊन आचके आले तर डायझेपाम किलोला ०.५ मिलिग्रॅम शिरेतून. ते दुसऱ्या कुठल्याही इंजेक्शनबरोबर एका सिरिंजमध्ये घेऊ नका, गढूळ होतं.

खोकल्याबद्दल थोडक्यात. ओल्या खोकल्याला दाबणारं औषध देऊ नका, कफ आतच साचतो. ब्रोमहेक्सिनने तो पातळ होतो, न्यूमोनिया बरा होत नाही. त्याला प्रतिजैविक लागतंच. आणि खोकला सुरू असलेल्या वासराला बाटलीने काही पाजायचं झालं तर तोंड डोळ्यांच्या रेषेच्या वर उचलू नका, जीभ ओढून धरू नका. ठसका लागला की त्याच क्षणी डोकं खाली सोडा.